दत्तक मुलांच्या चौदाव्या वर्षासाठी पुस्तकं हवी आहेत

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा धडा आहे. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाची तर सुरुवातच 'आनुवंशिकता व उत्क्रांती'नं होते. धडे चांगले आहेत, मुलांना आवडतात. ते शिकवताना वर्गात एक खेळ हमखास होतो. कानाची पाळी चिकटलेली आहे की सुटी, जीभ गोल वळते का, गालाला खळी पडते का, हे घरी जाऊन आईबाबांचं बघून या आणि उद्या तक्ता भरून आणा. वर्गातली सगळी मुलं घरी जाऊन बघतात. त्यांतलं एखादं दत्तक असतं, एखादं आईबाबा गेल्यानंतर मावशीकडे राहत असतं, एखादं बालगृहातून शाळेत येत असतं. त्याच्या तक्त्याचं काय करायचं, याचा विचार कुणी केलेला नसतो. ते मूल बाईंना विचारायला जात नाही. चौदाव्या वर्षी असं काही चारचौघांत विचारवत नाही. ते तक्ता कोरा देतं, नाहीतर मनानं काहीतरी भरतं.

आम्ही काही जण मिळून मुलांचं वाचनालय चालवतो आणि दर आठवड्याला एका बालगृहात पुस्तकांची पेटी नेतो. त्या अनुभवातून हे आवाहन करत आहोत. तेरा ते अठरा वयाच्या मुलांच्या हाती विश्वासानं देता येतील अशी, दत्तक आणि प्रतिपालकत्व (फॉस्टर केअर) या विषयांवरची मराठी पुस्तकं आम्हाला हवी आहेत. जी आहेत ती शोधून पुन्हा कपाटात आणायला हवीत, जी दुसऱ्या भाषांत आहेत ती मराठीत यायला हवीत आणि जी कुणीच लिहिलेली नाहीत ती लिहिली जायला हवीत. हे काम सावकाश करण्यासारखं नाही. आज अनुवादाचे हक्क मागितले तर पुस्तक छापून हाती यायला दोन वर्षं सहज जातात. आज चौदा वर्षांची असलेली मुलगी तोवर सोळाची होईल. बालगृहातला सोळा वर्षांचा मुलगा तोवर अठराचा होऊन संस्थेतून बाहेर पडलेला असेल. फार तर अनुरक्षणगृहात असेल, नाहीतर कुठल्यातरी खोलीवर चार मित्रांबरोबर. त्याला पुस्तक पोचवायचा पत्ताही आपल्याजवळ नसेल.

लहान मुलांचं एका अर्थानं बरं चाललं आहे. दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या समुपदेशक ताई दत्तक पालकांना सुरुवातीलाच बजावतात की मुलापासून लपवून ठेवू नका, लहानपणीच गोष्टीतून सांगा. बहुतेक पालक आता सांगतात. कुणी कृष्ण-यशोदेची गोष्ट सांगतं, कुणी 'आम्ही तुला घ्यायला आलो होतो तेव्हा तू कशी हसलीस' ही घरचीच गोष्ट रोज रात्री सांगतं. चार वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. ते आनंदानं शेजारच्या काकूंनाही सांगून येतं.

पण तेराव्या-चौदाव्या वर्षी तीच गोष्ट अपुरी पडते. मला घ्यायला तुम्ही आलात हे कळलं, पण मला देऊन कोण गेलं? का गेलं? तिला दुसरी मुलं असतील का? माझं नाक कुणासारखं आहे? ती जिवंत असेल तर तिला माझी आठवण येत असेल का? आणि हे सगळं विचारलं तर आईला वाईट वाटेल का? या शेवटच्या प्रश्नापाशी बहुतेक मुलं थांबतात. आईबाबाही थांबलेले असतात, कारण त्यांना वाटतं, विषय काढला तर मूल दुरावेल. दोघंही एकमेकांना जपण्यासाठी गप्प बसतात आणि घरात एक विषय असा होतो की ज्याच्या कडेकडेनं सगळे चालतात. अशा वेळी पुस्तक फार उपयोगी पडतं. पुस्तकातल्या मुलीविषयी बोलता येतं. 'तिनं पत्र फाडलं ते बरोबर केलं का गं?' असं जेवताना आईला विचारता येतं, आणि आई त्या मुलीविषयी उत्तर देता देता आपल्या मुलीशी बोलू शकते.

आमच्याकडे येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीनं 'मृत्युंजय' नेलं. हे पुस्तक महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी त्याच वयात वाचलं आहे! १९६७ साली आलेली शिवाजी सावंतांची ही कादंबरी आजही आमच्या कपाटात एका जागी टिकत नाही. पंधरा दिवसांनी ती पुस्तक परत द्यायला आली. टेबलापाशी उभी राहून तिनं ते पुन्हा चाळलं आणि विचारलं, "ताई, यात राधेचा भाग कुठाय? माझ्या पुस्तकाची पानं गेलीत का?" पानं गेली नव्हती. कादंबरी सहा जण सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. जन्म देणारी कुंती बोलते. मांडीवर घेणारी, दूध पाजणारी, जिच्या नावानं कर्णाला राधेय म्हणतात, ती राधा मात्र स्वतः बोलत नाही. मी हे पुस्तक किती वर्षं मुलांना देते आहे, आणि हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता. ती मुलगी दत्तक आहे हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. आम्ही त्याविषयी एक शब्दही बोललो नाही. राधेविषयी मात्र अर्धा तास बोललो.

सावंतांची कादंबरी थोरच आहे आणि लेखकाला आपले निवेदक निवडायचा पूर्ण अधिकार आहे. शिवाय शोणाला, म्हणजे राधेच्या पोटच्या मुलाला, त्यांनी बोलू दिलं हे मला फार मोलाचं वाटतं. दत्तक भावाकडे धाकटा भाऊ कसा बघतो, हे मराठीत इतक्या जिव्हाळ्यानं क्वचितच आलं असेल. पण त्या मुलीनं मागितलेला भाग कुणीतरी लिहायला हवा. मी लिहिणाऱ्यांना हात जोडून सांगते, राधेच्या बाजूनं लिहा. आजच्या राधेच्या बाजूनं लिहा, जी मुलीला क्लासला सोडते, जिच्या पोटात शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर गोळा येतो.

जुन्या कपाटात हात घातला तर काही सापडतं. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' हा पोरका मुलगा. तो एका घरात येतो आणि त्या घरचा होऊन जातो. आजच्या भाषेत ते प्रतिपालकत्वच की. दूरदर्शनवरची मालिका आठवणारे पालक आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांनी ते पुस्तक मुलांबरोबर पुन्हा वाचावं. मात्र गोट्या फार गुणी आहे. बालगृहातल्या पोरांना तो आवडतो, पण त्यांतला एक मला म्हणाला, "याला राग कसा येत नाही?" राग येणारा, चोरी करणारा, खोटं बोलणारा, आणि तरीही ज्याच्यावर वाचणाऱ्याचा जीव जडेल असा मुलगा मराठी किशोर-साहित्यात आम्ही शोधतो आहोत.

इतिहासात तर अशी मुलं भरपूर आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंच्या ओटीत गेला आणि सयाजीराव झाला. बारा वर्षांचं मूल म्हणजे सगळं कळणारं मूल. गाव, गुरं, भावंडं, बोली सोडून राजवाड्यात अक्षर ओळखीपासून शिकायला बसलेल्या त्या मुलाला पहिल्या रात्री झोप लागली असेल का? महाराज म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्या बारा वर्षांच्या मुलावर किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी मला हवी आहे. जोतीराव-सावित्रीबाईंचा यशवंतही तसाच. १८६३ साली फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा १८७४ साली आपला मुलगा म्हणून घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात आईच्या जोडीनं रोग्यांची सेवा करत राहिला. शाळेच्या पुस्तकात त्याला एखादं वाक्य मिळतं. आपण कोण, कुणाचे, हे त्याला कधी आणि कुणी सांगितलं असेल? गावानं त्याला काय ऐकवलं असेल? आणि पंढरपूरला प्रार्थना समाजानं १८७५ साली उभारलेला तो बालकाश्रम! दीडशे वर्षांच्या त्या वास्तूत किती मुलं वाढून बाहेर पडली. एवढं सगळं आपल्या अंगणात असताना या विषयाला मराठी मातीत मुळं नाहीत असं कुणी म्हणू नये.

याउलट सिनेमा आणि मालिका मुलांना काय सांगतात ते बघा. दत्तक असणं हे त्यांत कायम एक गुपित असतं. ते लग्नाच्या मांडवात नाहीतर दवाखान्यात रक्त देताना फुटतं, विजा चमकतात, नायिका घर सोडून जाते, आणि शेवटी 'रक्त रक्ताला ओळखतं'. हे बघत वाढलेल्या मुलाची खात्रीच पटते की आपल्याबद्दलची ही गोष्ट लाजिरवाणी आहे. दुसरीकडे नातेवाईक डोक्यावरून हात फिरवत म्हणतात, किती नशीबवान गं तू, असे आईबाप मिळाले! म्हणणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणाऱ्या मुलीला मात्र वाटतं की आता आपण चिडायचं नाही, नापास व्हायचं नाही, उलट बोलायचं नाही. जन्मभर उपकार फेडत राहायचे. चौदाव्या वर्षी आईबापांशी भांडायचा हक्क सगळ्यांना असतो, तो या मुलांनाही आहे. हे त्यांना कुणीतरी छापील अक्षरांत सांगायला हवं.

बाहेरच्या भाषांत हे सांगणारी पुस्तकं आहेत. अमेरिकेतल्या कॅथरीन पॅटरसन स्वतः दोन दत्तक मुलींच्या आई. त्यांची 'द ग्रेट गिली हॉपकिन्स' १९७८ साली आली. गिली अकरा वर्षांची, या घरातून त्या घरात फिरवली गेलेली, जिभेला हाड नसलेली आणि कुणावर विश्वास न ठेवणारी. शेवटी ट्रॉटर नावाच्या ढिसाळ, प्रेमळ बाईच्या घरी ती रुजते, आणि तेव्हाच तिला ते घर सोडावं लागतं. शेवट गोड नाही. म्हणूनच संस्थेतल्या मुलांना तो खरा वाटतो. मी त्यांना ती गोष्ट तोंडी, मराठीत सांगितली आहे आणि दर वेळी खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. ब्रिटनमध्ये जॅकलीन विल्सनची ट्रेसी बीकर १९९१पासून तिथल्या मुलांच्या ओळखीची आहे. बालगृहात राहणारी ही दहा वर्षांची पोर आपली वही आपणच लिहिते. रॉबिन बेनवेच्या 'फार फ्रॉम द ट्री'ला २०१७ साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. त्यात एकाच आईची तीन मुलं आहेत. दोघी वेगवेगळ्या घरी दत्तक गेलेल्या आणि थोरला भाऊ फॉस्टर घरांतून फिरत वाढलेला. तिघं किशोरवयात भेटतात. दत्तक आणि प्रतिपालकत्व यांतला फरक इतक्या सोप्या रीतीनं समजावणारं दुसरं पुस्तक मी पाहिलेलं नाही. पंधरा वर्षांपुढच्या मुलांना ते द्यावं, कारण त्यातली एक बहीण स्वतः सोळाव्या वर्षी बाळाला जन्म देऊन दत्तक देते. तो भाग वाचला की 'मला देऊन का गेली' या प्रश्नाला पहिल्यांदा एक चेहरा मिळतो.

खऱ्या आयुष्यांचीही पुस्तकं आहेत. खांडव्याचा सरू पाच वर्षांचा असताना रेल्वेत बसून हरवला, कोलकात्यात पोचला आणि ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या घरी दत्तक गेला. त्याचं 'अ लाँग वे होम' आणि त्यावरचा 'लायन' हा सिनेमा अनेकांनी पाहिला असेल. आईचा शोध ही त्यातली मोठी गोष्ट. पण किशोरांशी बोलताना मी त्याच्या दत्तक भावाकडेही लक्ष वेधते. तोही भारतातूनच गेलेला, पण त्याला ते घर पेलणं फार जड गेलं. एकाच घरात, त्याच आईबापांजवळ, एक मूल रुजतं आणि दुसऱ्याला वर्षानुवर्षं त्रास होतो, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. नाशिक भागात जन्मलेली, मुंबईच्या अनाथालयातून १९७४ साली बार्सिलोनाला दत्तक गेलेली आशा मिरो हिनं कॅटलान भाषेत आपली कहाणी लिहिली. ती मोठेपणी इथं परत आली तेव्हा तिला तिची थोरली बहीण भेटली. तिची गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळांत माहीत नसावी याचं मला वाईट वाटतं. आणि ब्रिटिश कवी लेम सिसे याचं २०१९ सालचं 'माय नेम इज व्हाय'. बारा वर्षांचा होईपर्यंत एका घरात वाढलेल्या या मुलाला त्या घरानं परत पाठवलं; पुढं तो बालगृहांत राहिला आणि अनेक वर्षं झगडल्यावर त्याला स्वतःची सरकारी फाइल मिळाली. पुस्तकात त्या फायलीतली पानं आहेत. आपल्याकडेही प्रत्येक मुलाची अशी फाइल असते. मुलांना ती कधी वाचायला मिळते?

प्रतिपालकत्वाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण दत्तकाच्या मानानं तो शब्दच पुष्कळांच्या कानावरून गेलेला नाही. लोक फॉस्टर केअर म्हणतात ते हेच. दत्तकात मूल कायमचं त्या घरचं होतं, नाव-वारसा सगळ्यासकट. प्रतिपालकत्वात मूल बाल कल्याण समितीच्या आदेशानं काही काळ एका कुटुंबात राहतं. त्याचे जन्मदाते बहुधा हयात असतात, आजारी असतात, तुरुंगात असतात किंवा सांभाळायच्या स्थितीत नसतात. २०२४च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही असं पालक होता येतं, आणि दोन वर्षं मूल नीट सांभाळल्यावर ते दत्तक घेण्याचा मार्गही मोकळा झाला आहे. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. तिला आता सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. आईवडील गमावलेली, एकाच पालकाजवळ किंवा आजी-मामा-आत्याकडे वाढणारी कितीतरी मुलं तिच्या आधारानं शिकतात. कोविडनंतर अशी घरं गावोगाव झाली. या मुलांचा प्रश्न 'मी कुणाची' असा नसतो. 'मी इथं किती दिवस' असा असतो. मामीनं भाताचा डाव वाढताना हात आखडला की काय, एवढ्याशा गोष्टीवर त्यांचं लक्ष असतं. त्यांच्यासाठी लिहिलेलं तर जवळजवळ काहीच आम्हाला सापडत नाही.

कायदाही आता या वयाच्या मुलांना बोलायला लावतो. पाच वर्षांवरच्या मुलाला दत्तक देताना त्याची संमती घ्यावी लागते. अठरा पूर्ण झाल्यावर दत्तक व्यक्तीला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. त्याआधी दत्तक आईबाबांबरोबर. जन्मदात्रीनं आपली ओळख उघड करू नका असं सांगितलं असेल तर तिचीही बाजू राखली जाते. २०२४-२५ या एका वर्षात देशातली ४,५१५ मुलं दत्तक गेली. त्यांतली बहुतेक एक दिवस चौदा वर्षांची होणार आहेत. हा अर्ज करावा का, केला तर काय कळेल, काहीच कळलं नाही तर काय, याची तयारी कुठल्या पुस्तकातून व्हायची?

आता ज्यानं त्यानं काय करायचं ते बोलू. ग्रंथपालांनो, राज्यात अकरा हजारांवर मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. प्रत्येकानं या वर्षीच्या खरेदीत या विषयाची दोन पुस्तकं घेतली तरी प्रकाशकाला आवृत्ती काढायचा धीर येईल. फक्त त्या पुस्तकांवर 'अनाथ मुलांसाठी' अशी चिठ्ठी लावून वेगळा कप्पा करू नका. ती नेहमीच्या कादंबऱ्यांत ठेवा. त्या मुलीला ते पुस्तक चारचौघांसारखं, कुणी न बघता उचलता आलं पाहिजे, आणि बाकीच्या मुलांनीही ते वाचलं पाहिजे, कारण वर्गात 'तुझी खरी आई कोण?' असं विचारणारी तीच असतात.

अनुवादकांनो, इंग्रजीखेरीज स्पॅनिश, जर्मन, जपानी जाणणारे मराठी लोक आता जगभर आहेत. तुमच्या तिथल्या मुलांच्या ग्रंथालयात या विषयाचं चांगलं पुस्तक दिसलं तर आम्हाला नाव कळवा, जमलं तर पहिलं प्रकरण मराठीत करून पाठवा. प्रकाशकांशी बोलायचं काम आम्ही करू. 'किशोर', 'वयम्', 'छात्र प्रबोधन' यांच्या आणि साधनेच्या बालकुमार अंकाच्या संपादकांना आमची विनंती आहे की येत्या दिवाळी अंकात एक तरी कथा या मुलांची असू द्या. ज्यात मूल दत्तक आहे पण गोष्ट दत्तकाची नाही, अशी कथाही चालेल. क्रिकेटची, भुताची, सहलीची असू दे. नायक फक्त दत्तक असू दे.

शिक्षकांनो, आनुवंशिकतेचा तक्ता घरच्यांऐवजी वर्गातल्या मुलांचाच करा. चाळीस मुलांच्या कानांच्या पाळ्या मोजल्या तरी धडा तितकाच समजतो.

आणि जे स्वतः दत्तक आहेत, संस्थेत किंवा कुणाच्या घरी राहून वाढलेत, आज पंचविशी-तिशीत आहेत, त्यांना सगळ्यांत आधी सांगायचं आहे. तुम्ही लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते आम्ही बघू. बोलून सांगितलं तर आम्ही उतरवून घेऊ. मात्र अठराच्या आतल्या कुणाही मुलाचं नाव, फोटो, शाळा, संस्था छापायची नाही, कुणाच्याही गोष्टीत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४नं ते गुन्हा ठरवलं आहे, आणि कायदा नसता तरी आपण ते केलं नसतं. नाव बदला, गाव बदला, राग तेवढा आहे तसा ठेवा.

दिवाळी अंकांचा मजकूर बहुतेक ठिकाणी श्रावणाच्या आसपास घेतला जातो, आणि ग्रंथालयांच्या खरेदीच्या याद्याही पावसाळ्यातच होतात. तेव्हा पुस्तकाचं नाव, अनुवादाचं पान, कथेचा कच्चा खर्डा, जे असेल ते आषाढाच्या आत पाठवा. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात, मुलांच्या मासिकाच्या कार्यालयात किंवा आमच्याकडे, जिथं सोयीचं असेल तिथं द्या.